जेट विमानाचे मनगट

जेट विमान म्हटले की डोळ्यांपुढे इंजिन उभे राहते. त्याचा तो कानठळ्या बसवणारा आवाज, मागचा तप्त झोत आणि पुढची झेप! मोठ्या विमानाचे जे, तेच छोट्याचे. आमच्या छंदी मंडळींत कोणी नवे जेट आणले की सारे प्रथम इंजिनाभोवती गोळा होतात. रेटा किती, फेरे किती, दर मिनिटाला इंधन किती पिते, ह्याची चौकशी होते. पण ते विमान वळवणारी जी यंत्रे त्याच्या पोटात, पंखांत आणि शेपटात दडलेली असतात, त्यांची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. घोडा किती उमदा आहे हे सगळे पाहतात. लगाम धरणाऱ्या मनगटात बळ आहे की नाही, हे कोण पाहतो? वाचकहो, आजचा हा लेख त्या मनगटाविषयी आहे.

प्रथम ह्या छंदाची ओळख करून देतो. नोकरीच्या निमित्ताने मी दक्षिण जर्मनीत येऊन राहिलो, त्याला आता वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. इकडे गावोगावी मॉडेल विमानांचे क्लब आहेत. बीट आणि मका ह्यांच्या शेतांमध्ये नीट राखलेली गवताची नाहीतर डांबराची पट्टी, एक लाकडी खोपटे, कॉफीची किटली आणि विम्याची कागदपत्रे, एवढा त्यांचा संसार. विमा सक्तीचा, त्यावाचून हलकेफुलके विमानही उडवता येत नाही. सुटीच्या दिवशी बायकामुलांसह मंडळी जमतात. मुले कुंपणामागे गवतावर बसतात, आणि बाप-आजोबा हातात बिनतारी पेटी धरून आकाशाकडे डोळे लावतात.

ह्या छंदातले राजेशाही प्रकरण म्हणजे जेट. पूर्वी छोट्या विमानाला खरे जेट इंजिन बसवणे अशक्यच मानीत. १९८३ साली इंग्लंडात जेरी जॅकमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी बिनतारी विमान गॅस टर्बाइनवर उडवून दाखवले. पुढे जर्मनीतल्या कुर्ट श्रेकलिंग ह्या गृहस्थांनी हौशी माणसाला घरच्या कर्मशाळेत करता येईल असे इंजिन बनवले. त्यातले हवा दाबणारे चाक चक्क प्लायवूडचे होते, कार्बनच्या धाग्यांनी बळकट केलेले! आज तसली इंजिने तयार मिळतात. वजन किलो-सव्वा किलो, रेटा दहा किलोचा, फेरे मिनिटाला लाखाहून अधिक आणि मागच्या झोताची ऊब पाचशे ते सातशे अंश. खाद्य म्हणजे रॉकेल आणि त्यात थोडे वंगणाचे तेल. असे इंजिन पोटात घेऊन दोन मीटर लांबीचे, दहा-बारा किलो वजनाचे विमान ताशी ३०० किलोमीटर वेग सहज गाठते.

खेळणेच ते, असे कोणी म्हणेल. पण बारा किलोचे विमान ताशी ३०० किलोमीटर वेगाने जात असताना त्याच्या अंगी जी शक्ती असते, ती हजार किलोच्या मोटारगाडीच्या अंगी ताशी ३३ किलोमीटर वेगाला असते तेवढीच. भर वस्तीतून मोटार चालवणाऱ्याच्या हाती सुकाणू घट्ट असावे असे आपण म्हणतो ना? मग इकडेही तेच म्हणायला हवे.

काडेपेटीएवढा पहिलवान

विमानाच्या पंखांच्या मागच्या कडेला आणि शेपटाला बिजागऱ्यांनी जोडलेल्या हलत्या फळ्या असतात. शेपटाची आडवी फळी वर झाली की नाक वर उठते, खाली झाली की नाक खाली जाते. ह्या फळ्या हलवते ती सर्व्हो नावाची चीज. दोन काडेपेट्या एकावर एक ठेवाव्यात, एवढीशी डबी. आत एक छोटी मोटर, तिचा वेग कमी करून जोर वाढवणारी दातेरी चाके, दांडी किती फिरली हे मोजणारा एक कान आणि बुद्धी म्हणून थोडी वीजमंडळाची कारागिरी. रिसीव्हरकडून तिला विजेचे ठोके येतात, पूर्वापार चालत आलेल्या पद्धतीत सेकंदाला पन्नास. ठोक्याची लांबी एका सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढी असली की दांडी एका टोकाला, त्याच्या दुप्पट असली की दुसऱ्या टोकाला, आणि दीडपट असली की मध्यावर. फळीला वाऱ्याने ढकलले तरी सर्व्हो आपली जागा सोडीत नाही. उलट जोर लावून तिथेच उभी राहते. निदान तिने तसे उभे राहावे अशी अपेक्षा असते.

सर्व्होचे बळ किलो-सेंटिमीटरमध्ये सांगतात. जात्याचा खुंटा मध्यापासून दूर असला तर दळणे हलके जाते, मध्याजवळ ठोकला तर दळणारीचे हात भरून येतात, हे आपल्या आज्यांना गणित न शिकता ठाऊक होते. दांडीच्या मध्यापासून एक सेंटिमीटरवर जी सर्व्हो दहा किलो तोलते, ती दहा किलो-सेंटिमीटरची. दोन सेंटिमीटरवर तीच पाच किलो तोलेल.

भाचेरावांचे विमान

आता प्रत्यक्षातले उदाहरण सांगतो. माझा भाचा शिक्षणासाठी इकडे आला. मामाचे वेड भाच्याला लागायला कितीसा वेळ लागणार? वर्ष-दीड वर्षात साधी विमाने शिकून झाली आणि पोरगा जेटवर घसरला. गाठीला पैसे थोडे. म्हणून त्याने एका सभासदाकडून जुने जेट घेतले. सांगाडा उत्तम होता, सर्व्हो जागच्या जागी होत्या, इंजिन मात्र थकलेले. जुने इंजिन आठ किलो रेट्याचे होते. भाचेरावांनी शिकवण्या करून साठवलेल्या पैशांतून बारा किलो रेट्याचे, थोडे वापरलेले इंजिन मिळवले आणि रात्रंदिवस खपून बसवलेही. पुढच्या रविवारी उड्डाण ठरले. विद्यापीठातल्या मित्रांना आमंत्रणे गेली.

शनिवारी संध्याकाळी विमान आमच्या जेवणाच्या टेबलावर आले. मी विचारले, "सर्व्हो कोणत्या?"

"त्याच, मामा. आधीच्या मालकाने सहा वर्षे त्यांच्यावर उडवले. काही झाले नाही."

ही गोष्ट खरी होती, आणि त्यातच खरी मेख होती. विमानाचा कमाल वेग कोठे थांबतो? जेथे हवेचा अडथळा आणि इंजिनाचा रेटा समसमान होतात तेथे. हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट तर जोर चौपट. म्हणून रेटा दीडपट केला की वेग दीडपट होत नाही, सव्वापटीहून थोडा कमीच वाढतो. आठ किलोच्या इंजिनावर जे ताशी २५० किलोमीटर जात होते, ते बारा किलोच्या इंजिनावर तीनशेच्या घरात जाईल. पण फळीवर येणारा हवेचा दाब वाढतो तो मात्र पुरता दीडपट. तेव्हा थोडक्यात लक्षात ठेवायचे ते असे: इंजिन जेवढ्या पटीने मोठे केले, जवळजवळ तेवढ्याच पटीने सर्व्होवरचा भार वाढला.

मी कागद घेतला. शेपटाच्या एका बाजूची फळी ४० सेंटिमीटर लांब, ६ सेंटिमीटर रुंद. क्षेत्रफळ २४० चौरस सेंटिमीटर. ताशी ३०० किलोमीटरला हवेचा दाब चौरस सेंटिमीटरला सुमारे ४३ ग्रॅम. म्हणजे साऱ्या फळीवर झाले १० किलो ४०० ग्रॅम. त्याला फळीच्या रुंदीने, सहाने, गुणले तर बासष्ट. आता हा सगळा जोर काही बिजागरीला पिळत नाही. फळी पंधरा अंश वळवली तर ढोबळ मानाने ह्याचा सहावा हिस्सा धरावा. म्हणजे बिजागरीपाशी साडेदहा किलो-सेंटिमीटरच्या आसपास. सर्व्होची दांडी १२ मिलिमीटर आणि फळीवरची खुंटी १८ मिलिमीटर असल्यामुळे सर्व्होवर त्याचा दोन तृतीयांश भाग आला; म्हणजे सात. हाच हिशेब जुन्या इंजिनाच्या वेगाला केला तर पाचाच्या आत.

"मग झालेच की!" भाचेराव खूश. "सर्व्होच्या डबीवर नऊ लिहिले आहे. नऊ हे साताहून जास्तच."

नऊ हे साताहून जास्त खरे. पण ते नऊ कसले, हे पाहिले पाहिजे. कारखानदार जो आकडा छापतो तो बहुधा सर्व्हो जागच्या जागी अडकून पडते त्या क्षणाचा. हमाल एकदाच दीडशे किलोचे पोते उचलू शकतो म्हणून त्याच्याकडून दिवसभर दीडशेची पोती वाहवून घेता येतात काय? निम्म्याच्या वर भार घालू नये, हा शहाणपणाचा रिवाज. आधीचा मालक पाचाच्या आत होता, म्हणजे निम्म्याच्या आसपास. त्याचा हिशेब चोख होता. भाचा सातावर निघाला होता.

आणि हे नऊ सहा व्होल्टला. दाब उतरला की जोरही उतरतो. मी ताणकाटा आणला, सर्व्होच्या दांडीला एक सेंटिमीटरवर अडकवला आणि भाच्याला त्याच्याच बॅटरीवर ती फिरवायला लावली. काटा साडेसातापाशी थांबला आणि सर्व्हो कण्हू लागली. भाच्याचा चेहरा उतरला. मलाही वाईट वाटले. पण काटा कोणाचा मामा-भाचा नसतो.

सर्व्हो दुबळी पडली तर ती लगेच मोडते असे नाही. ती हळूच मागे सरते. तुम्ही पंधरा अंश मागता, वारा तिला सातावर ढकलतो. सरळ उड्डाणात हे ध्यानातही येत नाही. पण विमान नाक खाली करून जमिनीकडे झेपावत आहे, वेग क्षणाक्षणाला वाढतो आहे, आणि तुम्ही त्याला वर ओढता आहात, अशा वेळी काय होते? वेग जितका जास्त तितकी फळी कमी वळते. वर ओढण्याची गरज सर्वांत मोठी असते तेव्हाच मनगट सर्वांत लेचेपेचे होते. पूर्ण वेगात पंधरा अंश फळी कोणी शहाणा माणूस देत नाही, हे मला मान्य आहे. पण घाबरलेल्या माणसाचा हात किती अंश देईल, ह्याचा नेम कोणी सांगावा?

आणखी एक शत्रू म्हणजे ढिलाई. दातेरी चाके झिजली, सळईचा सांधा सैल झाला, की फळी किंचित खुळखुळते. कमी वेगात त्याचे काही वाटत नाही. वेग वाढला की ती फडफडू लागते, आणि ही फडफड अशी विलक्षण की डोळ्याचे पाते लवते न लवते तोच फळी बिजागऱ्यांसकट उपटून निघते. म्हणून जेटच्या सर्व्होला नुसते बळ असून भागत नाही. दाते धातूचे, सांधे घट्ट आणि सळई ताठ लागते. बोटांत फळी धरून हलवली आणि 'टक्' असा आवाज आला, तर ते विमान त्या दिवशी घरी न्यावे.

कोठी आणि वाढपी

सर्व्होचे ठरले, वीस किलो-सेंटिमीटरच्या घ्यायच्या. पण पहिलवान मोठा आणला की त्याचा खुराकही मोठा, आणि येथे अनेकजण फसतात.

भाच्याच्या विमानात आठ सर्व्हो. पंखांत चार, शेपटात तीन आणि पुढचे चाक वळवायला एक. सरासरी धरली तर उड्डाणात सगळ्या मिळून दोन अँपिअर वीज घेतात. उड्डाण नऊ मिनिटांचे. म्हणजे एका उड्डाणाला ३०० मिलिअँपिअर-तास. त्याची बॅटरी २००० ची. "सहा उड्डाणे निघतील!" त्याने लगेच सांगितले. भागाकार अगदी बरोबर होता.

ह्या वेळी मामी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अरे, कोठीत लाडू पाचशे असले म्हणून काय झाले? पंगतीत वाढपी दोनच असतील तर लोक ताटावर बसून राहतील!"

माझ्या अर्ध्या तासाच्या व्याख्यानापेक्षा हे एक वाक्य सरस होते. बॅटरीत एकूण किती वीज साठली आहे, ही झाली कोठी. एका क्षणात ती किती देऊ शकते, हे झाले वाढपी. वीस किलोची एक सर्व्हो अडून जोर लावते तेव्हा एकटी तीन-चार अँपिअर ओढते. विमान एका क्षणी गिरकी घेऊन वर ओढले, सर्व फळ्या एकदम उलट दिशेला वळल्या, की आठांची मागणी मिळून वीस अँपिअरवर जाते. टिकते ती क्षणभर. पण तेवढा क्षण पुरतो.

कारण बॅटरीच्या पोटात, तारांत, बटनात आणि जोडण्यांत विजेला थोडाथोडा अडथळा असतोच. तो सारा मिळून ओहमचा सातवा भाग जरी धरला, तरी वीस अँपिअरला जवळजवळ तीन व्होल्ट वाटेतच गळतात. बॅटरी ६.६ व्होल्टची; रिसीव्हरला पोचले साडेतीनच्या जरा वर. बरेचसे रिसीव्हर साडेतीनच्या आसपास शुद्ध हरपतात. थंडीच्या दिवसांत बॅटरीचा अडथळा वाढतो, तेव्हा तर पाहायलाच नको. रिसीव्हर पुन्हा शुद्धीवर येतो खरा, पण ह्या वेगाला एक सेकंद म्हणजे त्र्याऐंशी मीटर! जमिनीवर उतरल्यावर बॅटरी मोजावी तर ती भरलेलीच. कोठीत लाडू तसेच. पंगत मात्र उपाशी उठलेली.

म्हणून जेटमध्ये बॅटऱ्या दोन ठेवतात. दोघींच्या तारा वेगळ्या, बटने वेगळी, आणि एक पुरती निकामी झाली तरी दुसरीने एकटीने विमान उतरवावे एवढी तिची ताकद. एक आतून बिघडली तर तिने दुसरीचे रक्त शोषू नये, म्हणून मध्ये एकतर्फी दरवाजा. बटन असे की ते स्वतः बिघडले तर वीज बंद न होता चालूच राहावी. सर्व्होंना वीज रिसीव्हरच्या नाजूक पट्टीतून न देता जाड तारांच्या वेगळ्या वाटपपेटीतून द्यावी. शेपटापर्यंतची बारीक तार दीड मीटरची. जायची-यायची मिळून तीन मीटर. चार अँपिअरला त्यातच अर्ध्या व्होल्टहून अधिक जातो. तारेचा जाडपणा हा काही शोभेचा भाग नव्हे. इंजिनाची बॅटरी तर निराळीच. तिचा पंप आणि सुरुवातीची ठिणगी ह्यांची सर्व्होंच्या घासाशी सरमिसळ करू नये.

रॉकेलच्या ऐवजी विजेच्या पंख्यावर चालणारी छोटी जेटे असतात, त्यांचाही न्याय हाच. सहा घटांची २२ व्होल्टची बॅटरी, शंभर अँपिअरचा ओढा, म्हणजे तीन अश्वशक्ती झाली! ५००० मिलिअँपिअर-तासांची कोठी पूर्ण जोरावर तीन मिनिटांत रिकामी. तीतही पाचवा हिस्सा उतरण्यासाठी राखून ठेवावा लागतो. अशा विमानात पुष्कळजण सर्व्होंचा खुराक त्याच बॅटरीतून काढतात. छोट्यांना ते चालते. पण विमान मोठे आणि वेगवान झाले की सर्व्होंची चूल वेगळी मांडलेली बरी. पंखा थांबला तर विमान तरंगत उतरते. सर्व्हो थांबल्या तर ते विमान उरत नाही, दगड होतो.

ठरलेला रविवार

त्या रविवारी उड्डाण झाले नाही. मी नको म्हणालो तेव्हा भाचा चिडला. "मामा, तुम्ही कागदावरच विमान पाडता!" एवढे बोलून तो खोलीत गेला. मित्रांना नकार कळवण्याची नामुष्की तरुण माणसाला किती झोंबते, हे मला समजत होते. पण त्याच कुंपणामागे दोन वर्षांपूर्वी मी एक जेट बीटच्या शेतात शिरताना पाहिले होते. मुले बसली होती तेथून दीड-दोनशे मीटरवर. रॉकेल पेटले, माती पंधरा फूट उडाली. पुढे तुकडे गोळा करताना बॅटरीची एक काळवंडलेली जोडणी सापडली, बोटाच्या पेराएवढी. कोणाला इजा झाली नाही, हे नशीब. नशिबाचा हिशेब मात्र कोणत्याच कागदावर मांडता येत नाही.

सारी थंडी नव्या सर्व्हो एकेक करून घेण्यात गेली. एकेका चांगल्या सर्व्होला शंभर युरोच्या आसपास पडतात, आणि विद्यार्थ्याला ते जड जाते. वसंतात सगळे बसल्यावर आम्ही जमिनीवरच परीक्षा घेतली. सगळ्या फळ्या एकदम मागेपुढे नाचवल्या, हाताने त्यांना अडवले आणि रिसीव्हरपाशी व्होल्टमीटर लावून पाहिला. सातच्या खाली काटा आला नाही. एक बॅटरी काढून घेतली. तरी सहाच्या वर राहिला. मग बिनतारी पेटी बंद करून पाहिली. संदेश तुटल्यावर दोनेक सेकंदांत इंजिन आपोआप विझले. ही शेवटची परीक्षा सर्वांत महत्त्वाची. सारे उपाय थकले तर निदान आग आणि रेटा सोबत घेऊन विमान खाली येऊ नये. मग भाच्याने विमान उडवले. नऊ मिनिटे, ना एक ठोका कमी, ना जास्त. उतरल्यावर त्याने प्रथम बॅटऱ्या मोजल्या आणि आकडे वहीत लिहिले. वही कोणी दिली नव्हती; त्याने स्वतःच आणली होती.

वाचकांपैकी कोणाच्या घरी मुलगा-मुलगी ह्या छंदाकडे वळली, तर त्यांना अडवू नका. हातांना कौशल्य आणि डोक्याला हिशेब शिकवणारे असे छंद थोडेच. मात्र इंजिनाची किंमत विचारण्याआधी चार प्रश्न विचारा. जास्तीत जास्त वेगाला फळीवर किती भार येतो? सर्व्हो त्याच्या दुप्पट तरी आहे का? सगळ्या सर्व्हो एकदम ओरडल्या तर रिसीव्हरला किती व्होल्ट पोचतात? आणि एक बॅटरी मेली तर? उत्तरे तोंडी चालणार नाहीत. ताणकाटा आणि व्होल्टमीटर टेबलावर आणायला सांगा. दोन्ही मिळून एका सर्व्होच्या किमतीहूनही स्वस्त पडतात.